खांद्यावरचं प्रेत बोलू लागतं तेव्हा

धाराशिव जिल्ह्यातल्या माकणी, सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यातल्या पन्नाशीच्या आसपासच्या कुणालाही विचारून बघा, लहानपणी वाचलेल्या चित्रांच्या गोष्टींमधलं काय आठवतं? बहुतेक जण गोष्ट सांगत नाहीत, चित्र सांगतात. अंधाऱ्या स्मशानातून चाललेला राजा, हातात तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत. नाहीतर कवटीच्या आकाराची गुहा आणि तिच्यापुढे घोड्यावर बसलेला मुखवटेवाला. नाहीतर प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यातली ती मिठी. गोष्टीचं नाव विचारलं तर माणूस अडखळतो, शेवट विचारला तर दोघा भावांत वाद होतो. पण चौकट डोळ्यांपुढून हलत नाही.

शब्दांच्या गोष्टी आपण विसरतो आणि चित्रांच्या गोष्टी अशा चिकटून का बसतात, याची उत्तरं मानसशास्त्राने दिली आहेत. ती पुढे बघू. पण त्याआधी उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागून थोडं सीमेपलीकडे जाऊ. तिथे आजच्या बीदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात ही चालुक्यांची राजधानी होती, कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावं, हत्ती कसे पकडावेत, मूर्ती कशी घडवावी, मनोरंजन कसं करावं, असा तो सगळा कोशच आहे. त्यात कथा सांगणाऱ्यांची चर्चा करताना सोमेश्वर रंगीत चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्याचा, म्हणजे चित्रकथकाचा, वेगळा उल्लेख करतो. माकणीपासून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा गावी, नऊशे वर्षांपूर्वी, चित्रकथा हा नोंद घेण्याजोगा धंदा होता. कॉमिक्स म्हणजे अमेरिकेहून आलेलं खूळ, असं म्हणणाऱ्यांना हे एकदा सांगायलाच हवं.

तो धंदा पुढे महाराष्ट्रात टिकला. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर आदिवासी चित्रकथी आजही रामायण-महाभारतातली आख्यानं चित्रांची पोथी उघडून सांगतात. या पोथीला शिवण नसते. सुटे कागद एकामागे एक लावलेले असतात, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली. एक चित्र मांडीवर उभं धरायचं, त्यावर गायचं, बोलायचं, मग उलटायचं. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे बाकी महाराष्ट्राला या कलेची जाग आली. मराठवाड्याचाही यात वाटा आहे. अशाच चित्रांचा एक मोठा साठा पैठण परिसरात मिळाला, म्हणून अभ्यासक त्या शैलीला पैठणची चित्रं म्हणू लागले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती बघायला मिळतात. एका बाजूने काढलेले चेहरे, बटबटीत मोठे डोळे, समोरासमोर ठाकलेले वीर. चित्रात हालचाल जवळजवळ नाहीच. बाण धनुष्यावर चढवलेला आहे, सुटलेला नाही. सुटतो तो निवेदकाच्या तोंडून आणि ऐकणाऱ्याच्या मनात.

आता याच्या शेजारी आधुनिक कॉमिक ठेवून बघा. अमेरिकन चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये कॉमिक्स कशी चालतात हे समजावणारं एक पुस्तक लिहिलं, तेही कॉमिकच्याच रूपात. त्यातलं एक उदाहरण फार प्रसिद्ध आहे. पहिल्या चौकटीत कुऱ्हाड उगारलेला माणूस, समोर घाबरलेला दुसरा. पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. मधे काही नाही, फक्त दोन चौकटींमधली पांढरी पट्टी. मग घाव कुणी घातला? मॅक्लाउड म्हणतात, वाचकाने. कुठे घातला, किती जोरात, हेही त्यानेच ठरवलं. सिनेमात घाव दिग्दर्शक घालतो आणि आपण बघतो. कॉमिकमध्ये वाचकाला गुन्ह्यात सामील करून घेतलेलं असतं. जे आपण स्वतः केलं ते विसरणं अवघड असतं.

यात स्मरणशक्तीची एक साधी गोष्टही मिसळते. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ अॅलन पायव्हियो यांनी १९७१ मध्ये मांडलं की मन शब्द आणि चित्र वेगवेगळ्या वाटांनी साठवतं. एकच गोष्ट दोन्ही वाटांनी आत गेली तर ती परत सापडण्याची शक्यता वाढते. लायोनेल स्टँडिंग यांनी तर १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांना काही दिवसांत दहा हजार चित्रं दाखवली आणि नंतर तपासलं. लोकांनी त्यातली बहुसंख्य चित्रं ओळखली. शब्दांच्या यादीत असा पराक्रम कुणाला जमत नाही. कॉमिकमधलं वाक्य चित्राच्या आतच, बोलणाऱ्याच्या तोंडाजवळच्या फुग्यात असतं, त्यामुळे डोळा दोन्ही गोष्टी एकदमच उचलतो.

पण विज्ञानाने अर्धंच उत्तर मिळतं. आपण आयुष्यात लाखो चित्रं पाहिली, मग नेमका राजा विक्रम आणि त्याच्या खांद्यावरचं प्रेतच का लक्षात राहिलं? यासाठी 'चांदोबा'कडे जायला हवं.

'चांदोबा' हे काटेकोरपणे कॉमिक नव्हतं, ते सचित्र कथांचं मासिक होतं. पण आमच्या भागात चित्रांतून गोष्ट वाचण्याची सवय लावली ती त्यानेच. मद्रासला बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये 'चंदामामा' सुरू केलं, स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी. १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती आली. हे दोघे सिनेमावाले होते, तेलुगूतला गाजलेला 'मायाबाजार' त्यांच्याच संस्थेचा. कदाचित म्हणूनच त्यांना चित्राची ताकद नीट कळत होती. हैदराबाद संस्थानाच्या काळात जिथे शाळेची भाषाही आपली नव्हती, त्या मराठवाड्यात असं मराठी मासिक हातात पडणं ही केवढी चैन होती. उमरगा, लातूर, सोलापूरच्या एसटी स्टँडवरच्या पेपर स्टॉलवरून ते गावात यायचं आणि मग घराघरांतून फिरायचं. शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत मुखपृष्ठ गेलेलं असायचं.

विक्रम-वेताळाचं ते चित्र शंकर यांचं. पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते 'चंदामामा'त आले आणि अनेक दशकं तिथेच राहिले. २०२० मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या चित्रात राजा चाललेला आहे. भ्यालेला नाही आणि फुशारकीतही नाही, कामाला निघालेल्या माणसासारखा नीट चाललेला आहे. भोवती कवट्या, साप, वाकडी झाडं. मला वाटतं मुलांच्या मनात बसलं ते भूत नव्हे, राजाची ती चाल. भुतं काय, चिंचेखाली रोज ऐकायला मिळत. पण भूत खांद्यावर घेऊन न थांबता चालणारा माणूस कुणी पाहिला होता?

गंमत अशी की ही गोष्ट मद्रासहून आली, तरी निघाली होती आपल्याकडूनच. काश्मीरचा सोमदेव याने अकराव्या शतकात राणी सूर्यमतीसाठी 'कथासरित्सागर' रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. उज्जैनचा विक्रमादित्य पुढच्या आवृत्त्यांत आला. सोमदेवाने ज्या 'बृहत्कथे'वरून आपला ग्रंथ केला, तिचा कर्ता गुणाढ्य हाही दंतकथेप्रमाणे पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी होता. त्याने पैशाची भाषेत कथा लिहिली, राजाने ती नाकारली. तेव्हा गुणाढ्य रानात जाऊन बसला. एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. हरणं-डुकरं चरायचं सोडून रडत ऐकत बसली आणि ती वाळली म्हणून राजाच्या ताटातलं मांस बेचव झालं. राजा धावत आला तोवर सात भागांतले सहा जळून गेले होते. या प्रसंगावर एखाद्या मराठी चित्रकाराने हात का टाकू नये?

वेताळाच्या गोष्टींची रचनाच अशी आहे की वाचकाला गप्प बसता येत नाही. एक भिक्षू राजाला रोज एक फळ देतो. राजा ते कोठारात टाकायला सांगतो. एकदा माकड फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. उपकाराखाली आलेला राजा भिक्षूसाठी झाडावरचं प्रेत आणायला जातो. वाटेत बोलायचं नाही अशी अट. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील, बोललास तर मौन मोडलं. राजा बोलतो, वेताळ परत झाडावर. 'चांदोबा' वाचणारा प्रत्येक मुलगा राजाच्या आधी उत्तर देऊन बघायचा. इथे दोन चौकटींमधली पट्टी नव्हती, पण प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली जागा होती आणि तिथे वाचकच उभा होता.

त्यातला एक प्रश्न जगभर फिरला. देवीपुढे दोन पुरुषांनी आपली मुंडकी उतरवली. बाईने घाईत नवऱ्याचं डोकं दुसऱ्याच्या धडाला आणि दुसऱ्याचं नवऱ्याच्या धडाला लावलं. दोघेही जिवंत झाले. आता नवरा कोण? राजा म्हणतो, ज्याला नवऱ्याचं डोकं आहे तो. जर्मन कादंबरीकार टोमास मान यांनी १९४० मध्ये यावर कादंबरिका लिहिली आणि तिच्या आधाराने गिरीश कार्नाडांनी 'हयवदन' नाटक केलं. पण माझ्या मते सर्वांत खोल खूण ठेवते ती शेवटची गोष्ट. बाप आणि मुलगा वाटेत दोन बायकांच्या पाऊलखुणा बघतात. मोठ्या पावलांची बापाने करायची, लहान पावलांची मुलाने, असं ठरतं. निघतं असं की मोठी पावलं मुलीची आणि लहान आईची. शब्द पाळला जातो. आता त्यांना होणारी मुलं एकमेकांची कोण लागतील? राजाला उत्तर येत नाही. तो गप्प चालत राहतो आणि पहिल्यांदाच वेताळ हरतो. ज्याला उत्तर येत नाही तो सुटतो, हे शाळेत जाणाऱ्या मुलाला दुसरीकडे कुठे वाचायला मिळणार होतं? तोवर शहाणपणाने जे साधलं नाही ते अज्ञान कबूल केल्याने साधलं.

'चांदोबा'ने पंचवीस संपल्यावर नव्या शेकडो गोष्टी वेताळाच्या तोंडी घातल्या. त्या सगळ्या चांगल्या होत्या असं नाही. पुष्कळशा तर नुसत्या उपदेशाच्या होत्या. पण चित्र तेच राहिलं आणि चित्राने वेळ मारून नेली.

दुसरा वेताळ १९६४ च्या मार्चमध्ये आला. टाइम्स ऑफ इंडियाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला मुखवटेवाला. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ मध्ये निर्माण केलेला हा 'फँटम' हिंदी-मराठीत वेताळ झाला. मूळ मालिकेत त्याच्या देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं, इथे गोंधळ नको म्हणून त्याचं डेंकाली केलं गेलं. कागद वर्तमानपत्री, रंग ठिपक्या-ठिपक्यांचे. कधी लाल रंग रेषेबाहेर घसरलेला, त्यामुळे ओठ गालावर गेलेले. भाड्याच्या वाचनालयांचे मालक दिवसाच्या भाड्याने अंक देत आणि पान फाटलं तर दोन दिवसांचं भाडं लावत. या गोष्टींमधली सगळ्यांना आठवणारी बाब मारामारी नसते. समुद्री चाच्यांनी बापाला मारल्यावर किनाऱ्याला लागलेला एक तरुण बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. त्याचा मुलगा तोच मुखवटा चढवतो, मग नातू. जंगलातले लोक समजतात की चारशे वर्षं एकच माणूस जिवंत आहे. खरं काय ते मोजक्या माणसांना आणि वाचकाला ठाऊक असतं. लहान मुलाला मोठ्यांच्या जगात एवढं मोठं गुपित कधी सांगितलं जात नाही. आज ते अंक वाचताना गोऱ्या माणसाने काळ्यांच्या जंगलावर राज्य करण्याची कल्पना खटकते, खटकायलाच हवी. पण गुपिताची ओढ मात्र खरी होती.

त्याच 'इंद्रजाल'मध्ये १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी 'बहादुर' आणला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. दरोडेखोराचा मुलगा, बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा सूड घ्यायला निघालेला. बाप खरोखर कोण होता हे कळल्यावर तो गावाच्या रक्षणासाठी नागरिकांचं दल उभारतो. अंगात भगवा कुडता, खाली जीन्स. अमेरिकेत सुपरहिरो आकाशातून येत होते आणि इथे तो चंबळच्या खोऱ्यातून आला. सुरती यांनी पुढे म्हातारपणी मीरा रोडच्या इमारतींमध्ये रविवारी प्लंबर घेऊन फिरत गळके नळ फुकट दुरुस्त करण्याचं काम सुरू केलं. टँकरची वाट बघण्यात उन्हाळे घालवलेल्या आमच्या जिल्ह्याला त्यांचा हा अवतार जास्त जवळचा वाटेल. 'इंद्रजाल' १९९० मध्ये बंद पडलं.

मराठी माणसांचा हात सर्वांत जास्त दिसतो तो 'अमर चित्र कथा'त. कल्पना अनंत पै यांची. ते आधी 'इंद्रजाल'च्या उभारणीत होते. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची उत्तरं आली, पण रामाच्या आईचं नाव आलं नाही, हे बघून त्यांनी ही मालिका काढली, असं ते स्वतः सांगत. तिला रूप दिलं ते राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा चित्रकारांनी. 'कृष्ण' वाईरकरांनी काढला. पुढे 'टिंकल'मधला सुप्पांडीही त्यांचाच. पुण्याच्या मुळीकांनी 'शिवाजी' काढला आणि त्याची संहिता लिहिली भा. रा. भागवतांनी, म्हणजे 'फास्टर फेणे'च्या भा. रां.नी. मुळीकांचा हात पुढे हिंदीतल्या नागराजपर्यंत गेला, तो शिवाजीइतक्याच ताकदीने साप काढायचा.

'शिवाजी'मधली मिठी सगळ्यांना आठवते, पण ती मुळीकांनी आपल्याला पहिल्यांदा दाखवलेली नाही. १० नोव्हेंबर १६५९ चा अफजलखानाच्या भेटीचा तो प्रसंग अज्ञानदासाच्या पोवाड्यापासून मराठी माणसाच्या कानात आहे. जत्रेतल्या तमाशात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, दिवाळीच्या किल्ल्यावर तो सतत पाहिलेला आहे. मग कॉमिकने नवीन काय केलं? शाहीर तो क्षण ताणतो, डफावर थाप मारून श्रोत्यांना लटकत ठेवतो. कॉमिकमध्ये तो क्षण थांबलेला मिळतो आणि तुम्हाला हवा तेवढा वेळ त्यात राहता येतं. खानाचा हात कुठे आहे, वाघनखं कुठे लपली आहेत, मागे कोण उभं आहे, हे मुलाने बोट ठेवून तपासायचं. पोवाड्यात वेळेचा लगाम शाहिराच्या हाती, इथे तो वाचकाच्या हाती. ऐकलेली गोष्ट पहिल्यांदाच अशी थांबवून बघता आली, म्हणून ती चौकट रुतली. आमच्या तेरणा नदीच्या वरच्या अंगाला, तेरच्या गोरोबाकाकांच्या कथेचंही तसंच आहे. कीर्तनात कितीदा ऐकलेली असली तरी चिखल तुडवणारे पाय आणि रांगत येणारं मूल हे चित्र एकदा बघितलं की पुढे कीर्तन ऐकतानाही तेच दिसतं.

'अमर चित्र कथे'वर टीकाही रास्त झाली. नायक गोरे, राक्षस काळे. राजे, ऋषी आणि योद्धे पुष्कळ, कष्टकरी थोडे. स्त्रिया बहुधा सती नाहीतर राणी. या मालिकेने दोन पिढ्यांचा इतिहास घडवला आणि इतिहास असाच दिसतो असं त्यांना वाटायला लावलं, हा दोष लहान नाही. मूर्तीची, पोशाखाची, गडाची चूक एकदा चित्रात गेली की पुस्तकांनी ती निघत नाही.

म्हणूनच १९७९ चा 'बाबासाहेब आंबेडकर' महत्त्वाचा. संहिता शं. स. रेगे यांची, चित्रं दिलीप कदम यांची. राजवाड्यांच्या आणि आश्रमांच्या त्या मालिकेत एकाएकी तहानलेला मुलगा आला. पण त्याच जीवनाची सर्वांत धाडसी चित्रकथा त्यानंतर बत्तीस वर्षांनी झाली. २०११ चं 'भीमायन' काढलं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड जोडप्याने. त्यांनी चौकटीच नाकारल्या. माणसांना खोक्यात कोंबायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पान त्यांच्या अंगणातल्या डिगण्याच्या नक्षीने विभागलं जातं. आगगाडी सापासारखी पसरते. सौम्य माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि शिवाशीव करणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेला भीमा, मसूरच्या स्टेशनवर अडकलेली मुलं, दुप्पट भाडं घेऊनही स्वतः गाडी न हाकणारा गाडीवान आणि रात्रभर न मिळालेलं पाणी. त्याच पुस्तकात १९३४ चा दौलताबादचा प्रसंगही आहे. किल्ल्याच्या दाराशी हौदावर हातपाय धुतले म्हणून बाबासाहेब आणि त्यांच्या सोबत्यांवर लोक धावून आले. तेव्हा दौलताबाद आणि आपलं धाराशिव एकाच निजामी राज्यात होतं. पाण्याच्या गोष्टी मराठवाड्याला कुणी शिकवायला नकोत, तरी नांगीचा तो फुगा बघून माणूस दचकतो. न बोललेला विखार डोळ्यांना दिसतो.

हलक्याफुलक्या गोष्टींनीही आपली जागा केली. 'टिंकल' १९८० मध्ये निघालं. टोपीखाली डोळे कायम झाकलेला शिकारी शंभू त्यात वसंत हळबे यांनी काढला. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून शाळाशाळांत पोहोचलं. १९९१ मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा 'चिंटू' सकाळच्या पेपरात रोज येऊ लागला. पण चिंटू आठवतो तो सवयीसारखा. एखाद्या जखमेसारखी आठवणारी गोष्ट वेगळी असते.

तशी एक जपानमध्ये घडली. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे होते तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब पडला. शाळेच्या भिंतीच्या आडोशाने ते वाचले. घर कोसळून वडील, बहीण आणि भाऊ आत अडकले, आग आली आणि आईच्या डोळ्यांदेखत तिघेही गेले. नाकाझावा मोठेपणी चित्रकार झाले आणि १९७३ पासून त्यांनी हेच सगळं 'बेअरफूट गेन' या मालिकेत मुलांसाठी काढलं. आजारी आईच्या निधनानंतर दहनात तिची हाडंही शिल्लक राहिली नाहीत, हे बघून आपण लिहायला बसलो, असं त्यांनी सांगितलं आहे. लाकडाखाली अडकलेला बाप मुलाला 'जा' म्हणतो ती पानं वाचणाऱ्या कुणाच्याही मनातून गेलेली नाहीत.

माकणी-सास्तूरच्या वाचकाला ती पानं वेगळी वाटण्याचं कारण सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचा भार घेतलेली माळवदं. उन्हाळ्यात गार राहणारी हीच घरं भूकंपाच्या काही सेकंदांत माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. माकणीच्या धरणातल्या पाण्याने हे घडलं का, यावर पुढे शास्त्रज्ञांत बराच खल झाला. ज्या घरांत 'चांदोबा'चे अंक पेटीत जपले असतील ती घरंच राहिली नाहीत, तेव्हा आमच्या भागात जुने अंक का सापडत नाहीत हे कुणी विचारू नये.

या पहाटेबद्दल अहवाल झाले, लेख झाले, दर वर्षी सप्टेंबरअखेरीस बातम्या होतात. पण कथेची खूण अहवालाने राहत नाही. पिंगुळीच्या चित्रकथ्याने चित्र मांडीवर धरलं, शंकरने राजाला चालायला लावलं, व्याम दांपत्याने आपल्या अंगणातली नक्षी वापरून दुसऱ्याची तहान काढली. यांतल्या कुणालाही परवानगी लागली नाही आणि मोठं भांडवलही लागलं नाही. त्या रात्री जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज चाळिशी ओलांडून गेले आहेत. ढिगाऱ्याखालून कुणी हात धरला, पहिला चहा कुणी आणला, तंबूतली शाळा कशी होती, पत्र्याच्या शेडवरचा पाऊस कसा वाजायचा, हे त्यांना माहीत आहे. आमच्या शाळांमधल्या चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की येत्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना डोंगर आणि सूर्य काढायला सांगू नका. घरातल्या मोठ्यांना त्या पहाटेबद्दल विचारायला सांगा आणि त्यांनी जे सांगितलं ते सहा चौकटींत काढून आणायला सांगा.